पालथ्या हाताचा उन्हाळा

होळी झाली की आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत गच्चीगच्चीवरून कूलर खाली उतरतात. कुणी पत्रा घासतो, कुणी पंप उघडून बसतो, वाळ्याच्या ताट्या विकणारा सायकल ढकलत ओरडत जातो. संध्याकाळी त्या ताट्यांवर पहिलं पाणी पडतं आणि सगळ्या गल्लीला तो ओला, मातकट, गोडसर वास सुटतो. लोक म्हणतात, या वासानं नागपूरचा उन्हाळा सुसह्य होतो. होत असेल. मला या वासाची भीती वाटते. शेजारच्यांचा कूलर घरघरला की मी हाताची बोटं आत मिटून घेतो. बायको ते बघते आणि म्हणते, "घ्या, आला तुमचा सीझन."

यंदा भीती नेहमीपेक्षा जास्त आहे. थंडीत नलूला, म्हणजे माझ्या बायकोला, घेरी यायला लागली. एकदा स्वयंपाकघरात पडली, मग अंगणात. डॉक्टरांनी तिच्या डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला. काडेपेटीहून लहान वस्तू, आत बॅटरी. हृदय रेंगाळलं की ती डबी त्याला करंट देते आणि चालतं करते. "काका, घाबरायचं काही नाही, अगदी बारीक करंट असतो," डॉक्टर समजावत होते. मी मान हलवली. त्यांना काय सांगणार, की ज्या एका गोष्टीपासून या बाईला मी जन्मभर लांब ठेवलं, तीच तुम्ही तिच्या छातीत शिवून ठेवलीत.

आमच्याकडे कूलरला हात लावायची एक रीत आहे. पाणी भरण्याआधी बटण बंद करायचं, पायात रबरी चप्पल घालायची, आणि एवढं करूनही पत्र्याला आधी पालथा हात लावून बघायचा. तळहात नाही. झटका बसला की मूठ आपोआप आवळते. तळहात लागला असेल तर माणूस पत्रा धरून बसतो, सुटत नाही. पालथा हात झटक्यासरशी मागे येतो. घराघरांत मुलांना हे शिकवतात, जेवणाआधी हात धुवायला शिकवतात तसं. मी मात्र ही रीत कूलरवर शिकलो नाही. मी ती ऑर्गनवर शिकलो.

मी हौशी वाजवणारा. पोटासाठी सरकारी कचेरीत फायली हलवल्या आणि जिवासाठी सूर. लग्नाकार्यांत वाजवणारी आमची एक ऑर्केस्ट्रा पार्टी होती. आधी हार्मोनियम, मग अकॉर्डियन, मग ऑर्गन, आणि आता मुलानं आणून दिलेला हा कीबोर्ड. यात म्हणे शेकडो आवाज आहेत. बासरीचं बटण दाबलं की बासरीचा फोटो वाजतो, सतारीचं दाबलं की सतारीचा. एक बोट टेकवलं की आतून ढोलकीपासून गिटारपर्यंत सगळी मंडळी कामाला लागतात, वाजवणारा पान खाऊन आला तरी गाणं अडत नाही. आणि ते पट्टी बदलायचं बटण! काळ्या पट्ट्यांची ज्याला भीती वाटते त्यानं पेटीला हात तरी कशाला लावावा? मी हे बोललो की घरातले एकमेकांकडे बघतात. म्हातारा चिडका आहे, हे मला मान्य आहे. पण या प्लास्टिकच्या बाळानं मला कधी झटका दिला नाही, हेही मान्य आहे. तरी रोज वाजवायला बसण्याआधी मी त्याच्या कडेला पालथा हात लावतोच.

गाण्यांविषयीही माझी मतं आहेत आणि ती कुणी विचारत नाही म्हणून इथे सांगतो. साठच्या दशकातल्या सिनेमाच्या गाण्याची चाल नुसती पेटीवर वाजवली तरी रस्त्यानं जाणारा थांबायचा. सत्तरनंतर चाल आखडत गेली आणि कडव्यांमधले तुकडे फुगत गेले. लग्नातल्या लोकांना तो तुकडा रेकॉर्डवर आहे तस्साच पाहिजे. एक सूर घसरला की मागच्या खुर्च्यांवरून हाक यायची, "काय वाजवून राहिला गा!" पुढे डिस्को आला. त्यात चाल शोधावी लागते, गादीखाली हरवलेली किल्ली शोधावी तशी. पण डिस्को आला आणि अकॉर्डियनवाल्या पार्टीला कुणी विचारेना. ऑर्गन पाहिजे म्हणजे पाहिजे. आमच्यासारख्यांना परदेशी ऑर्गन कुठून परवडणार? म्हणून आम्ही शेषरावकडे गेलो.

शेषराव नागपूरच्या महाल भागात रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं जुन्या ट्रान्झिस्टरांचे भाग जोडून आमच्यासाठी ऑर्गन बांधला आणि खरं सांगतो, त्याचा आवाज आजच्या शेकडो आवाजांपेक्षा गोड होता. जाड, किंचित थरथरणारा, माणसाच्या गळ्याजवळचा. पट्ट्या मोडक्या पेटीच्या, लाकडी. पण बाकी अंगाला लाकूड महाग पडतं म्हणून शेषराव गल्लीतल्या कूलरवाल्याकडे गेला. ज्या पत्र्याचे कूलर वाकवायचे त्याच पत्र्यातून त्यानं ऑर्गनचं खोकं वाकवून आणलं, वरून निळा रंग दिला. आत स्पीकर. वाजवायला लागलं की सगळा पत्रा गुणगुणायचा. पहिल्या दिवशी मी खोक्याला हात लावला तो कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. शेषराव हसला. "थोडा करंट पाह्यजेच गा. नाही त वाजवणारा झोपून जाते."

दोन पिनचा प्लग होता. झटका बसला की प्लग काढून उलटा खोचायचा, म्हणजे झिणझिण्या कमी होतात, हा त्याचा उपाय. मी पायाखाली लाकडी पाट घेतला, रबरी चपला घातल्या, बोटं फक्त पट्ट्यांवर ठेवायला शिकलो, आणि खोक्याला हात लावायची वेळ आली तर पालथा. सारं काही जमलं. एक सोडून.

ते एक म्हणजे नलू. ती आमच्या पार्टीत गायची. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतली, तिचे वडील जयंतीच्या कार्यक्रमांत गाणारे, आणि तिचा आवाज त्या मोकळ्या मैदानांतच वाढलेला. त्या काळी गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यायची सोय नव्हती. भोंगे लोकांकडे तोंड करून बांधलेले, स्टेजवर नुसता कलकलाट. नलूनं त्यावर स्वतःची युक्ती काढली होती. एका हातात माईक धरायची आणि गाता गाता ऑर्गनजवळ यायची, दुसऱ्या हाताचा तळवा पत्र्यावर ठेवायची. पत्रा गुणगुणत असायचा, त्यातून तिला सूर कळायचा. डोळे मिटायची आणि पुढचं कडवं असं काही उचलायची की जेवणाच्या पंगतीतले लोकही मान वळवायचे. आणि मी घामाघूम व्हायचो. माईक धातूचा, अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला. ऑर्गन पत्र्याचा. मध्ये ती.

"हात नको लावू वं," मी दर कार्यक्रमाआधी सांगायचो.

"मग मले सूर कसा कळन जी?"

"मी जोरानं वाजवतो."

"जोरानं वाजवलं त ऐकू येते. समजत नाही."

  खरं तर तिचा हात पत्र्यावर असताना मीही वेगळं वाजवायचो, हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही. शेषरावचं म्हणणं, माईक आणि ऑर्गन दोन्ही एकाच बोर्डावर असले तर दोघांच्या अंगात उतरलेली वीज सारखीच, मग तिला नुसत्या मुंग्या येतील, बाकी काही नाही. आणि येतही नुसत्या मुंग्याच. मी त्या एका वाक्यावर जीव टांगून वाजवत होतो.

मग तो उन्हाळा आला. ऐंशीच्या आगेमागेचा. मी तेव्हा महालात एका खोलीत भाड्यानं राहायचो. मे महिन्यातल्या एका दुपारी समोरच्या घरातल्या वच्छलाबाई चालू कूलरमध्ये बादलीनं पाणी भरत होत्या. ओरडणं ऐकू आलं तेव्हा मी धावलो. कुणीतरी मेन स्विच पाडला होता, पण फार उशीर झाला होता. त्यांचा तळहात अजून पत्र्यावर होता. मला चेहरा आठवत नाही, तो तळहात आठवतो. पत्र्याचा रंग निळा होता.

त्यानंतर भीती माझ्या घरीच राहायला आली. कचेरीत टेबलफॅनचं बटण मी लाकडी रुळानं दाबायचो. नळाच्या पाण्यात करंट असेल असं वाटायचं. जेवताना स्टीलच्या ताटाला मी पालथा हात लावला तेव्हा खानावळवाल्या बाई हसून हसून बेजार झाल्या. मी शेषरावकडे जाऊन म्हटलं, ऑर्गनला अर्थिंग कर. तो म्हणाला, "अर्थिंग घराले असते गा, बाजाले नसते." शेवटी मी एका होल्डरला बल्ब लावून त्याला दोन वायरी जोडल्या आणि तो दिवा पिशवीत घालून हिंडू लागलो. जिथं जाईन तिथं एक वायर माईकला, एक ऑर्गनला लावून बघायचं. बल्ब पेटला नाही की देवाचं नाव न घेता सुटकेचा श्वास टाकायचा. पार्टीतला बोंगोवाला लहानू मला नावं ठेवायचा, "हा बुढीवानी भेते." भीत होतो. कुणाकरता भीत होतो, हे लहानूला कळलं नव्हतं आणि नलूला बहुतेक कळलं होतं.

जूनच्या तोंडावर कामठीला एक लग्न होतं. आमच्या लग्नांना मुहूर्ताची घाई नसते, बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, भाषणं झाली, की ऑर्केस्ट्रा. ऊन उतरलं होतं पण जमीन तापलेलीच. मांडवाच्या चारी बाजूंना भाड्यानं आणलेले मोठाले कूलर. मी दिवा लावून बघितला, बल्ब थंड. ठीक. आम्ही सुरू केलं.

दुसऱ्याच गाण्याला सगळ्या वस्तीचे कूलर चालू झाले आणि व्होल्टेज बसलं. मांडवातले बल्ब पिवळे पडले, आणि ऑर्गनचा सूर खाली यायला लागला. हे त्या ऑर्गनचं दुखणंच होतं, वीज कमी पडली की तो हळूहळू उतरायचा, झोप आलेल्या मुलासारखा. गिटार आपल्या जागी, ऑर्गन अर्ध्या पट्टीनं खाली. लोक हसायला लागले. आम्ही गाणं थांबवून चहा मागवला. भोंग्याची तार सैल झाली का ते बघायला मी तिकडे गेलो.

परत आलो तो ऑर्गन खणखणीत सुरात. लहानू पट्ट्या दाबून बघत होता. "झालं गा काम," तो म्हणाला. नवरदेवाचे मामा अभिमानानं उभे. मला वाटलं, लाइट आली. नलूनं माईक उचलला, आम्ही तेच गाणं परत धरलं. ध्रुवपद झालं. मधला तुकडा वाजवताना माझी नजर समोर गेली. ऑर्गनवर, त्याच्याच वायरीला जोडून, माझा एक छोटा दिवा लावलेला असायचा, पट्ट्या दिसाव्यात म्हणून. तो पांढरा लख्ख जळत होता. आणि अ‍ॅम्प्लिफायरजवळचा बल्ब अजून पिवळा, मरगळलेला.

दोन दिवे, दोन वेगळ्या लाइनी. मामांनी समोरच्या घरातून वायर आणली होती. आपल्याकडे हे सगळेच करतात, आपला फेज, म्हणजे आपल्या बाजूची विजेची तार, बसला की समोरच्याचा घ्यायचा, त्यांच्याकडे लाइट फकफकीत असते. कूलरसाठी करतात, टीव्हीसाठी करतात. त्या मामांनी प्रेमानंच केलं होतं. पण आता माईकच्या अंगात एक वीज होती आणि माझ्या निळ्या पत्र्यात दुसरी, आणि शेषरावचं ते एक वाक्य, ज्यावर मी जीव टांगला होता, ते संपलं होतं.

नलू माझ्याकडे येत होती. डोळे अर्धे मिटलेले, उजव्या हातात माईक, डावा हात पुढे. दरवेळी याच जागी यायची, तुकडा संपताना. मी ओरडलो. भोंग्यांपुढे माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. तिला धरावं तर माझे हात पोचेपर्यंत तिचा पोचला असता.  एवढी भीती मला आधी कधी वाटली नव्हती, आणि नंतर एखाद दोन वेळाच वाटली आहे. हात पट्ट्यांवर होते, तेवढंच माझ्या ताब्यात होतं. मी दोन्ही कोपर पट्ट्यांवर दाणकन आपटले.

जे काही वाजलं त्याला संगीतात नाव नाही. सगळे सूर एकदम, बेसूर, भोंग्यातून कामठीभर. नलू चटका बसल्यासारखी मागे सरकली. या बाईला जगात दुसरं काही थांबवू शकलं नसतं, बेसूर थांबवू शकत होता. तिचा हात पत्र्यापासून वीतभर लांब राहिला. आणि ती भर मांडवात, माईक तोंडाशी तसाच ठेवून ओरडली, "काहून जी? काय करून राहिले?"

पाचपन्नास खुर्च्या हसल्या. मागून कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मामा रागानं लाल. मी पाटावरून उतरलो नाही. लहानूकडे पिशवीतला दिवा मागितला, नलूला माईक खाली ठेवायला सांगितलं, आणि लहानूला म्हटलं, "एक वायर माईकले लाव, एक ऑर्गनले. वायरच्या तोंडाले हात नको लावू." लहानूनं हसत हसतच लावल्या.

बल्ब पेटला. अख्ख्या मांडवात तेवढा उजेड नव्हता. क्षणभर निळापांढरा झाला आणि फुटला. काचा नलूच्या चपलेपाशी येऊन पडल्या. मग कुणी हसलं नाही. लहानूच्या हातातून होल्डर गळून पडला आणि तो खाली बसला. मामा पुन्हापुन्हा म्हणत होते, "मले का माईत बापा, मले का माईत." त्यांनीच पळत जाऊन दोन्ही वायरी उपसल्या.

उरलेला कार्यक्रम हार्मोनियमवर झाला. नलू माईकशिवाय गायली, पण त्याआधी बराच वेळ ती मांडवामागे पाण्याच्या रांजणाशी बसून होती. मी गेलो. भर उन्हाळ्यात तिचे हात गार पडले होते असं तिनंच सांगितलं. मला ते हात धरायचे होते. मी हात पुढे केला आणि तो आपोआप पालथा झाला. बोटांची मागची बाजू मी तिच्या मनगटाला लावली, लगेच मागे घेतली. तिनं ते पाहिलं. रडता रडता हसली.

"मी काय कूलर आहो का जी?"

पुढच्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. त्यात ऑर्केस्ट्रा नव्हता. निळा ऑर्गन शेषरावनं परत नेला आणि त्याच्या पत्र्याचा, मला नंतर कळलं, खरोखरच कूलर केला. कुणाच्या घरात गेला असेल तो, याचा मी फार दिवस विचार केला.

तर यंदाचा हा सीझन. मी इलेक्ट्रिशियन बोलावून घरभर नवं अर्थिंग करून घेतलं. जुना मोठा स्पीकर, ज्याचं लोहचुंबक वरवंट्याएवढं आहे, तो शेजाऱ्याकडे दिला, कारण डॉक्टर म्हणाले असल्या वस्तू छातीजवळ नकोत. नलू कीबोर्डपाशी आली की मी खुर्ची मागे ओढतो. ती चिडते. परवा माझी नजर चुकवून तिनं कीबोर्डच्या अंगावर तळवा ठेवला, मी वाजवत असताना. थोडा वेळ तशीच थांबली. मग म्हणाली, "यात काही समजतच नाही जी." एवढ्या वर्षांत कीबोर्डवर मी जेवढी टीका केली ती सगळी तिनं एका वाक्यात उरकली.

दुपारी ती कूलरसमोर झोपते. वाळ्याचा वास असतो, पंपाचं पाणी ठिबकत असतं. मी उठून कूलरच्या पत्र्याला पालथा हात लावतो, मग भिंतीवरचं बटण बघतो, मग तिच्याजवळ जातो. ती फार शांत झोपलेली असते. मला ती शांतता सोसत नाही. मी तिच्या गळ्याखाली, त्या डबीच्या जरा बाजूला, पालथा हात टेकवून बघतो. आत काहीतरी चाललंय ना, एवढंच.

काल तिनं डोळे न उघडता माझं मनगट धरलं.

"सापडला का करंट?"

 तिनं माझा हात उलटवला आणि तळवा छातीवर दाबून धरला. "हा पालथा हात पुरे झाला आता. सरळ ठेवा."

"चिकटला तर?" मी म्हटलं.

"चिकटू द्या," ती म्हणाली.

मी हात तसाच ठेवला. तळव्याखाली काहीतरी गुणगुणत होतं, फार जोरात नाही, पण समजत होतं.